बुधवारचं पुडिंग

शनिवारी साडेदहाला व्हेरोना स्कीट स्वयंपाकघराची खिडकी उघडते. रांग त्याआधी अर्धा तास लागलेली असते. हातात घरचा डबा, डोक्याला फडकं आणि तोंडात आठवडाभराच्या बातम्या. खिडकीतून मिळतं ते एकच, पुडिंग आणि सूस. किसलेल्या रताळ्यात मसाला घालून, आतड्यात भरून वाफवलेलं काळपट, गोड-तिखट पुडिंग, आणि शेजारी लिंबू, काकडी, कांदा, मिरचीत मुरलेलं डुकराचं थंडगार मांस, म्हणजे सूस. मागणीवरून व्हेरोना माणूस ओळखते. 'नुसतं मांस दे' म्हणणारा शहरात राहून बिघडलेला. कान, खूर, नाकाड मागणारा आपला.

शनिवार सोडून हे कुणी मागत नाही. बार्बाडोसमध्ये आम्ही कशावरही भांडतो, क्रिकेटवर तर रोजच, पण पुडिंग शनिवारचं याबद्दल कधी दुमत झालेलं नाही. पूर्वी डुक्कर शुक्रवारी कापलं जायचं म्हणून, असं कुणी सांगतात. खरंखोटं देव जाणे. मंगळवारी कुणी पुडिंग मागितलं तर आमच्या गावची, गिटन्स हिलवरची माणसं त्याला आधी सावलीत बसवतील आणि मग पाणी देतील.

व्हेरोनाचे वडील डार्नली स्कीट शहाऐंशीचे. एक्केचाळीस वर्षं त्यांनी गावच्या चर्चची घंटा वाजवली. एकही रविवार चुकला नाही. कुणी म्हणतं एक चुकला होता, पण ते त्यांच्यासमोर कुणी म्हणत नाही. आता गेल्या दोन वर्षांत त्यांची आठवण विरत चालली होती. नातवंडांची नावं गेली, दिव्याचं बटण कुठल्या भिंतीला आहे ते गेलं, सकाळ की संध्याकाळ याचाही घोळ व्हायला लागला. पण वार मात्र चुकत नसे. कारण वार त्यांच्या डोक्यात नव्हतेच कधी, ते नाकात होते.

त्यांची बायको मर्टल जाऊन नऊ वर्षं झाली, पण तिनं घालून दिलेला आठवडा व्हेरोनानं मोडला नव्हता. रविवारी मॅकरोनी पाय, म्हणजे चीज घालून भाजलेली मॅकरोनी, आणि भाजलेली कोंबडी, सोमवारी त्यातलंच उरलंसुरलं गरम करून. मंगळवारी डाळीचं सूप. बुधवारी खारा मासा आणि उकडलेली हिरवी केळी, गुरुवारी वाटाण्याचा भात, शुक्रवारी तळलेला मासा. सकाळी डोळा उघडला की म्हातारा उशीवरूनच नाक वर करायचा, 'मंगळवार' म्हणायचा आणि मंगळवारची कामं करायला उठायचा. शनिवारी दाढी आणि बुटांना पॉलिश, रविवारी सूट. एवढ्या एका दोरीला धरून त्यांचं सगळं चाललं होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की घरातलं काही हलवू नका, तारीख विचारून त्यांना छळू नका. व्हेरोना म्हणाली, आमच्या घरात तारीख कुणालाच माहीत नसते.

अडचण व्हेरोनाच्या नोकरीची होती. सोमवार ते शुक्रवार ती किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात चादरी धुवायला जायची. पहाटे स्वयंपाक करून निघायची आणि दिवसभर म्हाताऱ्याकडे शेजारची आयोन बघायची. आयोनचं रमचं दुकान समोरच, त्यामुळे डॉमिनोच्या पटावरून एक डोळा दुकानावर आणि एक मिस्टर स्कीटवर. पण जूनमध्ये आयोननं सांगून टाकलं की गुडघे गेले, नाताळनंतर ती मुलीकडे टोरोंटोला चालली. तिथल्या थंडीत गुडघे बरे होतात असं तिला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. व्हेरोना पेचात पडली. वडिलांना घरी एकटं सोडता येत नव्हतं आणि नोकरी सोडली तर एका शनिवारच्या खिडकीवर घर चालत नव्हतं.

अशा वेळी रॉन्डेल अलेन दारात उभा राहिला. रॉन्डेल तिच्या शाळासोबतिणीचा मुलगा, तिशीचा, जिभेला हाड नसलेला. बंदरात जहाजं लागली की उतरलेल्या पाहुण्यांना छोट्या बसमध्ये घालून तो 'खरंखुरं' खायला घालायला गावोगाव नेतो. म्हणाला, दर बुधवारी चौदा माणसं आणतो, मिस व्हेरोना, तुम्ही फक्त पुडिंग आणि सूस करा.

व्हेरोनानं त्याच्याकडे नीट पाहिलं.

"बुधवारी?"

"जहाज बुधवारी लागतं, आंटी."

"मग त्यांना म्हणावं शनिवारपर्यंत थांबा."

"मी सांगतो कप्तानाला," रॉन्डेल म्हणाला. "तोपर्यंत तुम्ही हॉटेलच्या चादरी धूत बसा."

ते वाक्य तिला लागलं. रात्रभर तिनं कूस बदलली. चौदा ताटं, दर बुधवारी, घरच्या घरी. म्हणजे हॉटेल सोडता येईल, वडील डोळ्यासमोर राहतील. त्यापुढे वाराचं काय घेऊन बसायचं? देवानं पुडिंगला वार लावून दिला असं बायबलात तरी कुठे लिहिलंय? सकाळी तिनं रॉन्डेलला होकार कळवला.

गावात ही बातमी तिच्या होकाराच्या आधीच पोचली होती. आयोनच्या दुकानात तीन दिवस दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणालं, आज पुडिंग बुधवारी, उद्या ईस्टर ऑगस्टात. एकानं विचारलं की उरलं तर आपल्याला मिळेल का, आणि सगळ्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की बिचारा ग्लास घेऊन बाहेर जाऊन बसला. व्हेरोनानं कानाला फडकं बांधलं आणि हॉटेलातून एक दिवसाची रजा काढून रताळी किसायला घेतली.

तो पहिला बुधवार मात्र झकास गेला. बसमधून चौदा जण उतरले, नाकाला पांढरं मलम फासलेले, गळ्यात कॅमेरे. व्हरांड्यात बाकं मांडली होती. रॉन्डेलनं आधी प्रत्येकाच्या हातात मॉबीचा ग्लास दिला. मॉबी म्हणजे झाडाच्या सालीचा काढा, साखर घालून फेस काढून थंड केलेला. पहिल्या घोटाला गोड वाटतो, आणि मग मागून कडूपणा असा येतो की आयुष्यातली सगळी पापं आठवावीत. समोरच्या दुकानातले लोक डॉमिनो थांबवून फक्त ती चौदा तोंडं बघायला उभे होते. कॅनडाच्या एका बाईनं डोळे मिटले ते बराच वेळ उघडलेच नाहीत. एक उंच जर्मन गृहस्थ मात्र सगळा ग्लास रिकामा करून म्हणाला की त्याच्या आजीचं औषध असंच होतं, अजून आहे का? दुकानातून टाळ्या पडल्या. एकजण रस्ता ओलांडून त्याला हात मिळवून गेला.

सूस आलं तेव्हा डुकराचा कान कुणाच्या ताटात यावा यावरून त्यांच्यात कुजबुज झाली, पण खायला लागल्यावर बोलणंच बंद झालं. व्हेरोना खिडकीत उभी राहून बघत होती. आपल्या हातचं खाताना परक्या माणसाच्या कपाळावर घाम फुटतो, तो नाक पुसतो आणि तरी चमचा खाली ठेवत नाही, हे बघण्यात एक सुख आहे आणि ते तिला पुरेपूर मिळालं. मागच्या दारानंही तिघं गाववाले येऊन डबे भरून गेले, वर कुणाला सांगू नकोस म्हणून बजावून. तिघंही एकमेकांना दारातच भेटले.

वडीलही त्या दिवशी खुशीत होते. व्हरांड्याच्या कडेला खुर्ची टाकून पाहुण्यांना मान हलवून नमस्कार करत होते. दुपारी तिला दिसलं की त्यांनी स्वतःहून दाढी केलीय आणि पायरीवर बसून बुटांना पॉलिश करताहेत. पाहुणे आले म्हणून म्हातारा नटतोय, असं तिला वाटलं आणि कौतुकच वाटलं. इतकी ती त्या दिवशी आनंदात होती की पाच वाजता बसनं हॉटेलात गेली आणि राजीनाम्याचं पत्र मुकादमबाईच्या टेबलावर ठेवून आली.

गुरुवारी सकाळी सात वाजता चर्चची घंटा वाजली.

आमच्याकडे आडवारी घंटा वाजते ती कुणी गेलं तरच. गिटन्स हिलवर जो जिथे होता तिथे थांबला. शहराकडे निघालेली बस चढावावर उभी राहिली आणि ड्रायव्हर टोपी काढून खाली उतरला. बायका घरातल्या गाउनवर, पुरुष एका गालाला फेस लावलेले, सगळे चर्चकडे धावले. आयोन केसांना रोलर लावलेल्या अवस्थेत गुडघे विसरून पळाली. धावता धावता जो तो दुसऱ्याला विचारत होता की कोण गेलं, आणि ज्यांचं वय झालं होतं त्यांच्याकडे लोक जरा निरखून बघत होते.

व्हेरोना वाटाणे निवडत होती. कोण गेलं असेल म्हणून तिनंही वडिलांना हाक मारली, आणि खोलीत वडील नव्हते. पलंग नीट आवरलेला, सूट खुंटीवर नाही. ती अनवाणीच धावत सुटली.

मनोऱ्याच्या दाराची किल्ली म्हाताऱ्यानं कधी परत केलीच नव्हती, आणि मागायची हिंमत कुणाची झाली नव्हती. काळा सूट, पांढरा शर्ट, आरशासारखे चकचकीत बूट घालून डार्नली स्कीट दोर ओढत होते, अगदी पूर्वीच्या लयीत. शेवटचा टोल देऊन ते बाहेर आले आणि पायरीवर उभे राहून मंडळींकडे पाहू लागले. पाहता पाहता त्यांचं तोंड वाकडं झालं.

"मिस आयोन," ते म्हणाले, "देवाच्या घरी या असल्या अवतारात?"

आयोननं दोन्ही हातांनी रोलर झाकले. फेस लावलेला एक पोक्त माणूस बाहीनं गाल पुसू लागला. कुणीतरी मागून फिसकन हसलं, आणि मग बसच्या ड्रायव्हरनं, बिचारा परगावचा, त्याला काय ठाऊक, सरळ सांगून टाकलं.

"आजोबा, आज गुरुवार आहे."

म्हाताऱ्यानं त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी गर्दीत व्हेरोनाला शोधलं.

"व्हेरोना, काल पुडिंग होतं ना?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिनं सोसला असता. त्यांनी विचारलं ते अंधारात पायरी चाचपडणाऱ्यानं विचारावं तसं. व्हेरोनाला त्या क्षणी स्वतःची शरम वाटली.

"होतं, डॅडी," ती म्हणाली. "चूक माझी आहे. तुमची नाही."

तेवढ्यात पाद्री आले. तरुण माणूस, पायात चपला, पण शहाणा. त्यांनी घंटेबद्दल चकार शब्द काढला नाही. एवढी मंडळी जमलीच आहेत तर एक स्तोत्र म्हणू या, म्हणाले. मग गाउन घातलेल्या बायका, अर्धी दाढी झालेले पुरुष आणि बसमधले उशीर झालेले उतारू असे सगळे गुरुवारी सकाळी चर्चमध्ये उभे राहून गायले. आयोन अजून सांगते की वर्षातल्या साऱ्या रविवारांपेक्षा त्या दिवशी गाणं जास्त सुरात झालं. बस पाऊण तास उशिरा शहरात पोचली आणि कारण सांगितलं तर कुणी विश्वास ठेवेना.

गावात ते हसण्यावारी गेलं, पण घरात हसण्यावारी राहिलं नाही. शुक्रवारी मासा तळला तेव्हा वडिलांनी उशीवरून नाक वर केलं, पण वार उच्चारला नाही. शनिवारी पुडिंग वाफेवर होतं, रांग लागलेली, आणि ते पलंगाच्या कडेला तसेच बसून. दाढी नाही, पॉलिश नाही. तीनदा तिला विचारलं, हा खरा शनिवार का? ती तीनदा हो म्हणाली. चौथ्यांदा त्यांनी विचारलं नाही. रविवारी सूट खुंटीवरच राहिला. वार जाणारच होते कधीतरी, हे व्हेरोनाला कळत होतं. पण ते आपल्या हातून गेले, आपल्याच चुलीवरून गेले, हे तिला गिळवत नव्हतं.

सोमवारी रॉन्डेल आला तो फुशारक्या मारतच. पुढच्या खेपेला वीस जण तयार होते. तिनं सांगितलं, बुधवारी पुडिंग होणार नाही.

तो आधी हसला, मग गयावया करू लागला. आयोनच्या दुकानामागे शिजवा म्हणाला. व्हेरोनानं त्याला विचारलं की पुडिंगचा वास रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघून थांबतो का. मग तो म्हणाला, मिस्टर स्कीटना तेवढा वेळ माझ्या आईकडे नेऊन बसवतो.

"माझ्या बापाला त्याच्याच घरातून बाहेर काढायचं, माझी चूल पेटावी म्हणून?"

रॉन्डेल पायरीवर बसला. पोरगा वाईट नाही, नुसता घाईत असतो.

"मग मी त्यांना खायला काय घालू?" त्यानं शेवटी विचारलं.

"बुधवारी या घरात जे होतं ते. खारा मासा आणि हिरवी केळी."

"आंटी, खारा मासा खायला कोण समुद्र ओलांडून येतं?"

"मग नको येऊ देत," व्हेरोना म्हणाली. "मी काही त्यांच्या जहाजाला दोरी बांधलेली नाही."

बोलायला सोपं होतं. राजीनामा देऊन झाला होता, आणि मुकादमबाईनं तिच्या जागी दुसरी मुलगी घेतलीसुद्धा होती. तेल गेलं, तूपही गेलं अशी गत. त्या बुधवारी वीसच्या जागी सहाच जण आले, त्यातल्या दोघांना रॉन्डेलनं बहुतेक फसवून आणलं असावं. व्हेरोनानं मासा रात्रभर पाण्यात घालून खारटपणा उतरवला होता. आता कांदा, टोमॅटो, मिरचीत परतला, केळी उकडली, नीरफणस भाजला. घरच्यासाठी करायची तसंच केलं. सहाही जणांनी ताटं पुसून खाल्ली, आणि पुढच्या आठवड्यात नऊ आले. कधी सात, कधी बारा. संसार काटकसरीचा झाला, पण आयोनचं विमान उडालं तेव्हा व्हेरोना दिवसभर घरात होती.

वार परत यायला सहा आठवडे लागले. एका मंगळवारी डाळ उकळत असताना आतून आवाज आला, 'मंगळवार', जरा चाचरतच. व्हेरोनानं डाळ ढवळत ठेवली. ती आत गेली नाही. आत जाऊन कौतुक केलं असतं तर त्यांना कळलं असतं की मध्ये काही बिघडलं होतं.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी व्हरांड्यात आठ जण जेवत होते. त्यात इंग्लंडहून आलेलं एक जोडपं, निवृत्त, उन्हानं लालबुंद. बाई नवऱ्याला विचारत होती की आज कोणता वार. नवरा म्हणाला सोमवार. पलीकडच्यानं गुरुवार सांगितलं. जहाजातल्या लिफ्टमध्ये रोज त्या दिवसाच्या नावाचा गालिचा घालतात म्हणे, पण सकाळी कुणी खाली बघितलं नव्हतं. आठ सुशिक्षित माणसं, हातात एकापेक्षा एक घड्याळं, आणि वार कुणालाच सांगता येईना.

डार्नली स्कीट त्यांच्या खुर्चीत मांडीवर ताट घेऊन टेकून बसले होते. त्यांनी नाक जरासं वर केलं.

"बुधवार," ते म्हणाले.

एकानं फोन काढून बघितला. बुधवारच होता. सगळे हसले, त्या बाईनं टाळी वाजवली आणि आजोबांना विचारलं की तुम्हाला कसं कळलं. म्हाताऱ्याला खूप दिवसांनी कुणीतरी काहीतरी विचारत होतं. ते ताठ बसले आणि परातीत केळी घेऊन दारात उभ्या असलेल्या व्हेरोनाकडे त्यांनी बोट दाखवलं.

"ही माझी बायको, मर्टल," ते म्हणाले. "हिच्या घरात वार चुकत नाही. विचारा तिला."

आजवर त्यांनी तिला दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारली नव्हती. आईच्या पायापाशी बसून ती हा आठवडा शिकली होती, आणि आता वडिलांना आठवडा आठवत होता, ती नव्हती. सगळे तिच्याकडे बघत होते.

"हो," ती म्हणाली. "बुधवारच आहे, डार्नली."

मग पुढे होऊन तिनं त्यांच्या ताटात आणखी एक केळं वाढलं, आणि ते जेवू लागले.